क्लोन वॉर्स: पाचव्या सीझनचे चाहते इकडे या (विरोधकही चालतील, भांडायला)

कोरुसांतकर

आधीच सांगतो, खाली स्पॉइलरच स्पॉइलर आहेत. ज्यांनी 'स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स' ही अॅनिमेटेड मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. धागा कुठे पळून जात नाही.

या मालिकेचा विषय निघाला की गाडी ठरल्यासारखी सातव्या सीझनच्या शेवटच्या चार भागांवर जाऊन थांबते. मँडलोर ग्रहाचा वेढा, ऑर्डर ६६ (क्लोन सैनिकांना आपल्याच जेडाय सेनापतींना मारायचा हुकूम), बर्फात खोचलेली हेल्मेटं. जबरदस्तच आहे ते. पण माझं म्हणणं असं की ती सगळी पुंजी पाचव्या सीझनने जमवली, सातव्याने नुसती उधळली. मालिकेचा सर्वोत्तम सीझन पाचवाच.

सप्टेंबर २०१२ ते मार्च २०१३, एकूण २० भाग. त्यात काय नाही? ऑन्डेरॉनचे बंडखोर आहेत. सॉ गेरेरा तिथेच पहिल्यांदा दिसतो, पुढे 'रोग वन'मध्ये फॉरेस्ट व्हिटेकरने केलेला तोच. इलमच्या बर्फात आपापला क्रिस्टल शोधणारी चिल्लीपिल्ली आहेत. मॉल आणि त्याचा भाऊ सॅव्हेज दोघे मिळून मँडलोर घशात घालतात ते तीन भाग आहेत. आणि शेवटी असोकावरचा, म्हणजे अनाकिनच्या शिष्येवरचा, खटला.

मला खरं बोलायचंय ते या खटल्याबद्दल. जेडाय म्हणजे लाइटसेबरवाले योद्धे, त्यांच्या मंदिरात स्फोट होतो, संशय असोकावर येतो. जेडायचं कौन्सिल काय करतं? सिनेटचा दबाव आला म्हणून तिला ऑर्डरमधून काढून टाकतं आणि लष्करी न्यायालयाच्या हवाली करतं. फिर्यादी पक्षाला टार्किन, बचावाला पाद्मे. मॅनेकिनसारखे बसलेले बाकीचे सगळे बघत राहतात. ज्या प्लो कूनने तिला लहानपणी मंदिरात आणलं, तोही त्याच कौन्सिलात बसलेला. अनाकिन खरा गुन्हेगार शोधून आणतो तर ती निघते बॅरिस, तिचीच मैत्रीण. आणि बॅरिस जे बोलते ते खोटं नाही हो! या युद्धाला जेडाय स्वतः जबाबदार आहेत, आपण वाट चुकलोय. गुन्हेगाराच्या तोंडी मालिकेतलं सगळ्यात खरं वाक्य.

त्यानंतर कौन्सिल तिला परत बोलावतं. मेस विंडू तर म्हणतो की ही तुझी मोठी परीक्षाच होती. असोका अनाकिनच्या हातातले आपले शिष्यपणाचे मणी घेत नाही, त्याची मूठ मिटून देते आणि पायऱ्या उतरून निघून जाते. हे सगळं कार्टून नेटवर्कवर, शनिवारी सकाळी!

तुमचा सीझन कोणता आणि का, ते लिहा. 'सगळेच आवडतात' म्हणणाऱ्यांना मतदानाचा हक्क नाही.


गोंद्या

माझं मत आर-टू या ड्रॉइडला, म्हणजे रोबोटला. सगळ्या सीझनमध्ये काम करणारा तो एकटाच आहे.


सातारी तर्री

चौथा सीझन. उंबारा. विषय संपला.


सातारी तर्री

नाही संपला. जेवून आलो, आता नीट लिहितो.

उंबारा म्हणजे चौथ्या सीझनचे भाग ७ ते १०. ग्रहावर ऊन पडतच नाही, सगळीकडे अंधार आणि धुकं. अनाकिनला कोरुसांतला बोलावून घेतात आणि ५०१ व्या तुकडीवर नवा जनरल येतो, पाँग क्रेल. चार हात, दोन दुधारी लाइटसेबर. पहिल्या भेटीतच कळतं की हा माणूस क्लोन्सना माणूस समजत नाही. नावाने हाक नाही, नंबराने. कॅप्टन रेक्ससारखा रेक्स, त्यालाही सीटी-७५६७.

मग सरळ तोफांच्या तोंडी देणाऱ्या चढाया. ऐकावं की ऐकू नये? फाइव्ह्ज एकीकडे, डॉग्मा दुसरीकडे, मध्ये रेक्स. आणि शेवटच्या भागात क्रेल सांगतो की शत्रूने आपलं चिलखत चोरून घातलंय, दिसतील त्यांना उडवा. दोन्ही बाजूंना तेच सांगितलेलं! रेक्स एकाचं हेल्मेट काढतो आणि आत आपलाच चेहरा. पुढे वॅक्सर सापडतो, मरणाच्या दारात. हाच वॅक्सर पहिल्या सीझनमध्ये रायलॉथवर बॉइलसोबत त्या छोट्या न्यूमाला सांभाळत होता. माझ्याच्याने तो सीन परत बघवत नाही.

यातला दुसरा भाग, 'द जनरल', वॉल्टर मर्चने दिग्दर्शित केलाय. 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या आवाजाचं काम करणारा तो मर्च. म्हणजे युद्धपट कळणारा माणूस होता तिथे.

आणि कोरुसांतकर, तुमचा 'जेडाय चुकले' हा मुद्दा उंबाराने २०११ मध्येच मांडला होता. तुमच्या खटल्याच्या वर्षभर आधी.


कोरुसांतकर

@सातारी तर्री, उंबारा थोरच. पण क्रेल फिरलेला माणूस आहे. त्याला शत्रूच्या डूकूकडे जायचंय, तो मुद्दाम घात करतोय. त्याला बाजूला काढलं की जेडाय ऑर्डर पुन्हा स्वच्छ. खटल्यात असा कुणी काढून टाकण्याजोगा नाही. योडा, मेस, प्लो कून सगळे भले लोक. नियमाने वागतात, आणि नियमाने वागूनच घाण करतात. मला हे जास्त भीतीदायक वाटतं.


सातारी तर्री

तो फरक मान्य. मत बदलत नाही.


गोंद्या

आमच्या आईला वाटलं होतं सम्राट अशोकावर कार्टून आहे. बराच वेळ शांतपणे बघत बसली होती. मग विचारलं, कलिंग कधी येणार?


मृण्मयी_ऑस्टिन

मी ही मालिका लेकीमुळे पाहिली. ती तिसरीत आहे. तिला पाचव्यातले लहान मुलांचे चार भाग प्रचंड आवडतात. 'द गॅदरिंग'मध्ये ती गुहा, प्रत्येकाची भीती वेगळी, आणि बाहेर पडायचा रस्ता गोठायच्या आत परत यायचं. त्यातला हुयांग नावाचा म्हातारा ड्रॉइड, ज्याने जेडायच्या कित्येक पिढ्यांना लाइटसेबर बांधायला शिकवलंय, त्याचा आवाज डेव्हिड टेनंटचा आहे. त्या कामासाठी त्याला २०१३ चं डेटाइम एमी मिळालं. २०२३ च्या 'असोका'मध्येही हुयांगचा आवाज त्याचाच.

पण खटल्याचा शेवटचा भाग 'द राँग जेडाय' पाहून ती रडली नाही, चिडली. तिचा प्रश्न एकच होता: असोकाचे आईबाबा कुठे आहेत, ते का नाही आले कोर्टात? मला उत्तर देता येईना. लहानपणी उचलून आणलेल्या मुलांचं घर म्हणजे ते मंदिरच. तिथूनच काढलं तर जायचं कुठे? आपण मोठी माणसं राजकारण बघतो, तिने घर बघितलं.

आणि कोरुसांतकर, शनिवारी सकाळी म्हणून तुम्ही कौतुक करताय, पण मँडलोरच्या डचेस सटीनला मॉल ओबी-वानच्या डोळ्यांदेखत मारतो तो भाग मी तिला आधी दाखवलाच नव्हता. पालकांनी 'मुलांचं आहे' म्हणून डोळे झाकून लावू नये.


खडूस_आजोबा

एक साधं गणित. तुमच्या लाडक्या पाचव्या सीझनच्या २० भागांपैकी चार भाग डी-स्क्वाडचे आहेत. म्हणजे वीस टक्के. कर्नल गॅस्कन नावाचं ते बेडकासारखं पात्र चार-पाच ड्रॉइड घेऊन वाळवंटात भटकतं आणि बडबडतं. एका पूर्ण भागात त्यांना पांढऱ्या माळावर चालण्यापलीकडे काही काम नाही. याला सर्वोत्तम सीझन म्हणायचं?


सातारी तर्री

आजोबांनी मर्मावर बोट ठेवलं. हाहाहा.


कोरुसांतकर

आजोबा, ग्रेगॉर त्याच भागांत सापडतो हे विसरू नका. स्मृती गेलेला कमांडो, कुठल्याशा आडगावच्या हॉटेलात भांडी घासतोय. 'मिसिंग इन अॅक्शन' एकटा काढून पाहा, छान आहे.

बाकीच्या तीन भागांबद्दल मी काही बोलणार नाही.


पिंगळा

मी पुण्यात थ्रीडीमध्येच काम करतो, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

पहिला सीझन आज बघितला तर चेहरे लाकडात कोरल्यासारखे दिसतात. ते काही प्रमाणात मुद्दाम आहे. जेरी अँडरसनच्या 'थंडरबर्ड्स'मधल्या कठपुतळ्यांचा प्रभाव तिथे होता. ओबी-वानची दाढी पाहा, एकसंध ठोकळा. केसांची बट सुटी हलवणं हे टीव्हीच्या बजेटमध्ये महाग काम. म्हणून केस कोरा, झगे शक्य तितके कमी करा, आणि शत्रू म्हणून ड्रॉइड घ्या, ज्यांना हावभावच नाहीत. क्लोन म्हणजे तर निर्मात्याचं स्वप्न: एक शरीर, एक चेहरा, वरून रंग आणि केशरचना बदलायची.

पण याच अडचणीतून मालिकेची सगळ्यात चांगली गोष्ट निघाली, असं मला वाटतं. सगळे सारखे दिसणार म्हणून प्रत्येकाला काहीतरी वेगळं द्यावं लागलं. कुणाला गोंदण, कुणाला टक्कल, कुणाला रंगवलेलं हेल्मेट. आणि आवाज! सगळे क्लोन एकट्या डी ब्रॅडली बेकरने केलेत. उंबाराचे भाग डोळे मिटून ऐका. रेक्स, फाइव्ह्ज, डॉग्मा, हार्डकेस, जेसी आपापसात भांडतायत आणि प्रत्यक्षात एकच माणूस स्वतःशी बोलतोय. कोण कुठला ते तरीही कळतं.

चार-चार भागांच्या कथा का, यालाही धंद्याचं कारण असावं. नवा ग्रह उभा करायचा म्हणजे झाडं, घरं, वाहनं, लोक सगळं शून्यातून. एका बावीस मिनिटांसाठी तो खर्च परवडत नाही, चार भागांवर पसरला की परवडतो. लुकासफिल्मचं सिंगापूरचं युनिट आणि तैवानचा सीजीसीजी स्टुडिओ यांनी याचं बरंच काम केलं.

आता माझं मत. तंत्र बघायचं तर सातवा, आणि त्यातही 'द फँटम अॅप्रेंटिस'. मॉल आणि असोकाच्या द्वंद्वासाठी मोशन कॅप्चर केलं, आणि मॉलच्या हालचाली स्वतः रे पार्कने दिल्या. १९९९ च्या सिनेमातला मॉल तोच. पाय रोवण्याची पद्धत, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाणं, ते की-फ्रेम बसवून करणं वेगळं आणि माणसाकडून घेणं वेगळं. फरक दिसतो.


बेसूर बासरी

पिंगळा, झकास प्रतिसाद.

मी कानाने पाहणारी आहे, म्हणून केव्हिन काइनरबद्दल लिहिलंच पाहिजे. जॉन विल्यम्सच्या सावलीत मालिकेला संगीत द्यायचं म्हणजे अवघडच. पाचव्याच्या शेवटी, असोका पायऱ्या उतरते तिथे, त्याला मोठा वाद्यमेळ वाजवून रडवता आलं असतं. तिथे अनाकिन तिला थांबवायला मागे धावतो, सांगतो की ऑर्डर सोडावीशी वाटणं म्हणजे काय ते मला कळतं, आणि ती म्हणते, मला माहितीये. म्हणजे पाद्मेशी त्याचं गुपचूप लग्न झालंय हे तिला कळलेलं आहे? अनाकिनच्या चेहऱ्यावर एक क्षण तो प्रश्न येतो. सूर तिथे जपून वापरलेत.

सातव्याच्या शेवटी 'बरीइंग द डेड' वाजतं तेव्हा तर पडद्यावर संवादच नाही. व्हेडर, म्हणजे अनाकिनच, बर्फात येतो, असोकाचा लाइटसेबर उचलतो, बघतो, जातो. त्याचा दूर जाणारा आकार एका क्लोनच्या हेल्मेटच्या काचेत दिसतो, आणि त्या हेल्मेटवर असोकाच्या चेहऱ्याची नक्षी रंगवलेली. म्हणून माझं मत सातव्याला. पण अर्धंच. मार्टेझ बहिणींचे चार भाग मी पुढे ढकलत ढकलत पाहिले.


अनाहूत

जरा उलटी बाजू मांडतो, मारू नका.

सात सीझन, १३३ भाग. त्यातले निम्मे नसते तरी काही बिघडलं नसतं. ही मालिका सीझनच्या हिशोबाने मोजायचीच नाही, कथांच्या हिशोबाने मोजायची. पाचव्यातले शेवटचे सात भाग उत्तम, आधीचे ठीकठाक. चौथ्यातले उंबाराचे चार उत्तम. सहाव्यातले फाइव्ह्जचे चार उत्तम. तिसऱ्यातले मॉर्टिसचे तीन, ज्यांना आवडतात त्यांना. सातव्यातले शेवटचे चार. सगळं मिळून एक सीझन होतो. तो माझा आवडता.


कोरुसांतकर

@अनाहूत, तुम्हाला मतदानाचा हक्क नाही.


खडूस_आजोबा

सगळे २००८ पासून सुरू करतायत. त्याआधी २००३ ते २००५ मध्ये गेंडी टार्टाकोव्स्कीची हाताने काढलेली 'क्लोन वॉर्स' होती, २५ छोटे छोटे भाग. मेस विंडू लाइटसेबर हातातून गेल्यावर नुसत्या मुठींनी ड्रॉइडांची फौज चेचतो. ग्रिव्हस पहिल्यांदा तिथेच आला, आणि काय आला! या थ्रीडीवाल्या मालिकेत त्याला खोकत पळून जाणारा विनोदी खलनायक करून टाकलं.


पिंगळा

ग्रिव्हसबद्दल आजोबांशी शंभर टक्के सहमत.


चिंगी

नमस्कार, मी नवीन. २०२३ ची 'असोका' आधी पाहिली, मग ही सुरू केली. स्पॉइलरची भीती नाही, तसंही सगळं कळलेलंच आहे. पण पहिल्या सीझनमध्ये काही कळेना. एका भागात मेलेला माणूस पुढच्या सीझनमध्ये जिवंत, शिकाऊ कॅडेट म्हणून! क्रम चुकतोय का माझा?


ध्रुव_तारा

चिंगी, तुझं काही चुकत नाहीये. सुरुवातीच्या सीझनमध्ये कथा मागेपुढे दाखवल्यात. काळाच्या क्रमाने बघायचं तर सुरुवात अशी: आधी दुसऱ्या सीझनचा १६ वा भाग 'कॅट अँड माउस', मग पहिल्याचा १६ वा 'द हिडन एनेमी', मग २००८ चा सिनेमा, मग तिसऱ्याचा पहिला 'क्लोन केडेट्स' आणि तिसरा 'सप्लाय लाइन्स'. तिथून पहिल्या सीझनकडे वळ. अधिकृत साइटवर पूर्ण यादी आहे.

चौथ्यापासून फारसा घोळ नाही. पाचव्यातला 'रिव्हायव्हल' तेवढा उचलून मॉलच्या 'एमिनन्स'च्या आधी ठेव. तो प्रसारित पहिला झाला, पण गोष्टीत तिथे बसतो.


खडूस_आजोबा

काही यादीबिदी लागत नाही. जसं दाखवलं तसं बघ. २००८ चा सिनेमा आला तेव्हा असोका किती लोकांना डोक्यात गेली होती माहितीये? अनाकिनला 'स्कायगाय' म्हणणारी आगाऊ पोरगी. ती हळूहळू मोठी होते, तिसऱ्यात दुसरा छोटा लाइटसेबर येतो, कपडे बदलतात, आणि पाचव्याच्या शेवटी तीच नावडती पोरगी निघून जाते म्हणून लोक हळहळतात. ही मजा यादीतून येत नाही.


कोरुसांतकर

आजोबा! म्हणजे तुम्ही पाचव्याच्या बाजूने झालात.


खडूस_आजोबा

मी असं काही म्हटलेलं नाही.


सातारी तर्री

अवांतर: सातव्याचा शेवटचा भाग ४ मे २०२० चा. हॉटस्टारवर डिस्नेचं सगळं नुकतंच एप्रिलमध्ये आलं होतं, घराबाहेर पडायची सोय नाही, आणि रात्री दिवे घालवून हे बघायचं. त्या दिवसांतली चांगली आठवण म्हणजे हीच.


अनाहूत

ऑर्डर ६६ बद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून. मला ते पाहताना दर वेळी सौप्तिक पर्व आठवतं. युद्ध जवळजवळ संपलंय, जिंकलो असं वाटतंय, आणि रात्री छावणीत झोपलेल्यांवर वार. फरक इतकाच की इथे मारणारे परके नाहीत, बरोबर लढलेलेच आहेत.


ध्रुव_तारा

अनाहूत, तो फरक 'इतकाच' नाहीये. अश्वत्थामा स्वतःच्या रागाने जातो, कृपाचार्य समजावत असताना जातो. क्लोन्सच्या डोक्यात चिप आहे. त्यांच्या हातात काहीच नाही. मला तर वाटतं चिपमुळे गोष्ट कमजोर झाली. २००५ च्या सिनेमात कोडी एका क्षणापूर्वी ओबी-वानला लाइटसेबर परत देतो आणि दुसऱ्या क्षणी तोफ डागायला सांगतो. सैनिकाने आज्ञा पाळली, बस. त्यात जी कडू चव होती ती चिपने गेली. 'यंत्राने केलं' म्हटलं की सगळे निर्दोष.


सातारी तर्री

सहमत नाही. उंबारात क्लोन आज्ञा मोडू शकतात हे दाखवून झालं होतं. रेक्स, फाइव्ह्ज असे लोक योडावर, असोकावर नुसत्या हुकमाने गोळी झाडतील हे पटलंच नसतं. चिप लागणारच होती. आणि सहाव्या सीझनमध्ये फाइव्ह्जला सगळं कळतं, तो ओरडून सांगतो, कुणी ऐकत नाही, आणि आपल्याच माणसाच्या, कमांडर फॉक्सच्या गोळीने मरतो. तो भाग पाहून 'कमजोर' म्हणून दाखवा.

सातव्यातल्या 'शॅटर्ड'मध्ये रेक्सचे हात थरथरतायत, बंदूक असोकावर रोखलेली, डोळ्यात पाणी, आणि तो कसंबसं तिला एकच नाव सांगतो: फाइव्ह्ज. मेलेल्या मित्राचं काम तिथे पूर्ण होतं.


ध्रुव_तारा

फाइव्ह्जच्या बाबतीत माघार. चिपच्या बाबतीत नाही.


मृण्मयी_ऑस्टिन

मला बॅरिसबद्दल विचारायचंय. कोरुसांतकरांनी तिच्या भाषणाचं कौतुक केलं, पण ती तिथवर कशी आली ते मालिकेने दाखवलंच नाही. दुसऱ्या सीझनमध्ये जिओनोसिसवर 'वेपन्स फॅक्टरी' आणि 'ब्रेन इन्वेडर्स' अशा दोन भागांत ती असोकाची चांगली मैत्रीण. मग जवळजवळ गायब. आणि एकदम पाचव्यात बॉम्ब! तिचा बदल पडद्यामागे उरकून टाकला. ज्या सीझनला सर्वोत्तम म्हणायचं त्याच्या मुख्य कथेत एवढं मोठं भोक?


पिंगळा

भोक आहे. डी-स्क्वाडचे दोन भाग कापून बॅरिसला द्यायला हवे होते.


कोरुसांतकर

मृण्मयीताई, मुद्दा खरा आहे. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. तिला आपण पाहिलं नाही, तसंच मंदिरातही तिला कुणी पाहिलं नाही. मात्र लेखकांनी ते ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या 'टेल्स ऑफ द एम्पायर'मध्ये तिच्यावर तीन भाग आले: तुरुंगातून बाहेर, इन्क्विझिटर (जेडायना शोधून मारणारी), आणि मग ते सोडून उपचार करणारी. बऱ्याच उशिरा भरपाई.


बेसूर बासरी

'द लॉलेस'बद्दल फार कमी बोलणं झालं. तुम्हाला पाचवा जिंकायचा असेल तर तोच हुकमी पत्ता आहे. सगळ्या मालिकेत खरा सूत्रधार सिडियस पडद्याआडून बोलणारा, हॉलोग्राममधला म्हातारा. या भागात तो स्वतः उठून मँडलोरला येतो. सिंहासनासमोर दोघा भावांशी एकटा लढतो, आणि त्याला मजा येत असते! सॅव्हेज मरतो, मॉल गयावया करतो. इतका वेळ ज्याला आपण घाबरत होतो तो मॉल एकदम पोरकट वाटायला लागतो.

आणि प्री व्हिझलाचा आवाज जॉन फॅव्हरोचा आहे. हातात डार्कसेबर घेऊन मॉलसमोर हरणारा तोच. पुढे त्याच माणसाने 'द मँडलोरियन' काढली आणि डार्कसेबर तिथेही आणला.


गोंद्या

म्हणजे कार्टूनमध्ये हरलेली तलवार निर्माता होऊन परत मिळवली. याला म्हणतात जिद्द.


ध्रुव_तारा

धागा मूळ प्रश्नावर आणतो. मी इतका वेळ कुठल्याच बाजूने नव्हतो, पण तारखा बघितल्या आणि पाचव्याकडे कललो.

डिस्नेने लुकासफिल्म घेतल्याची घोषणा ३० ऑक्टोबर २०१२ ची. पाचवा सीझन तेव्हा निम्माही झाला नव्हता. 'द राँग जेडाय' २ मार्च २०१३ ला आला आणि ११ मार्चला मालिका गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. म्हणजे नऊ दिवस. सहावा सीझन २०१४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, पण त्यात असोकाचं पुढे काय झालं ते नव्हतं. आपल्याकडे तर नेटफ्लिक्सच जानेवारी २०१६ मध्ये आलं. पुढच्या 'रेबेल्स' मालिकेत ती दिसली मार्च २०१५ ला. मँडलोरचा वेढा २०२० ला.

त्या काळात ज्यांनी पाहिलं त्यांच्यासाठी पायऱ्या उतरणारी असोका हाच मालिकेचा शेवट होता. तिच्या पुढच्या गोष्टीची कसलीही हमी नाही. आज आपण पुढचा भाग लगेच लावतो आणि तिला काही होणार नाही हे माहीत असतं. तरी तो भाग तितकाच लागतो. सातव्यातल्या शेवटच्या चार भागांचं तसं नाही. हिरव्या अक्षरांतलं लुकासफिल्म, सिनेमासारखी सुरुवात, लाल नाव, सगळं 'आता मोठा शेवट बघा' म्हणून सांगत येतं. त्याला पाचव्याची गरज आहे, पाचव्याला त्याची नाही.


सातारी तर्री

हा खरा मुद्दा मांडलात. उंबारा अजूनही पहिला, पण पाचवा दुसरा करतो. सातवा तिसरा.


बेसूर बासरी

मी हलत नाही. अर्धं मत सातव्याला.


खडूस_आजोबा

२००३.


मृण्मयी_ऑस्टिन

लेकीला धाग्याबद्दल सांगितलं. तिला मत द्यायचंय म्हणे. तिचं मत पाचव्याला.


कोरुसांतकर

शाब्बास! तिला माझ्याकडून एक कॅडबरी.


मृण्मयी_ऑस्टिन

कारण विचारलं. तर डी-स्क्वाड. कर्नल गॅस्कन तिचा फेवरेट आहे. पांढऱ्या माळावरचा भाग तिने इतक्यांदा लावलाय की मला पाठ आहे.


खडूस_आजोबा

कॅडबरी परत घ्या.


चिंगी

हॅलो, मी इकडे सगळं वाचत वाचत पुढे बघत होते. काल रात्री उंबारा संपवलं. भारी आहे, पण शेवट आवडला नाही. रेक्स बंदूक रोखून उभा आहे, हात थरथरतोय, आणि गोळी मारतो डॉग्मा, तीही पाठीत. एवढं सगळं सोसल्यावर क्रेलला रेक्सनेच मारायला हवं होतं ना?


सातारी तर्री

अजिबात नाही! डॉग्मानेच मारायला हवं. क्रेलवर सगळ्यात जास्त विश्वास त्यानेच ठेवला होता. चिंगे, यावर वेगळा धागा काढ, मी आलोच.